हरकाम्या, मी आणि अठ्ठेचाळीस पायऱ्या

भिंतीला एक लोखंडी दांडी बसवायची होती. बस्स, एवढंच. यात कुणाची हरकत यायचं कारण नव्हतं आणि सव्वीस दिवस लागायचं तर मुळीच नव्हतं. पण यांना एक साधं काम सांगा आणि मजा बघा, असं आमची ही म्हणते. माझ्यासमोर म्हणते, मागे म्हणत नाही, हा तिचा मोठेपणा.

आमचा जिना दोन सपाट भिंतींच्या मधून वर येतो. धरायला काही नाही. बांधणाऱ्याने बहुधा स्वतःच्या तरुणपणी बांधला असावा. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या अठ्ठेचाळीस. आकडा आईला पाठ आहे, कारण आठ महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्या अठ्ठेचाळीसपैकी एकही पायरी तिला उतरता आलेली नाही. घरात काठी घेऊन फिरते. माझ्या चुका काढायला या खोलीतून त्या खोलीत येते. पण जिन्यापाशी गेली की थांबते. "चढायचं मला काही वाटत नाही रे," म्हणते, "उतरायचं वाटतं. खाली बघितलं की पाय म्हणतात, तू हो पुढे."

खाली अंगणात एक बाक आहे. समोरच्या इमारतीतल्या मास्तरीणबाई रोज पाच वाजता तिथे येऊन बसतात. पूर्वी आईही बसायची, बावीस वर्षं. आता मास्तरीणबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना वर चढता येत नाही, आणि आईला खाली उतरता येत नाही. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. मग आई खिडकीतून हात करते, त्या बाकावरून हात करतात, आणि दोघी आपापल्या जागी तासभर बसतात. गप्पाच चालल्यात असं वाटावं इतक्या शिस्तीत.

तर दोन तारखेला मास्तरीणबाईंनी खालून ओरडून सांगितलं की तीस तारखेला मुलगा न्यायला येतोय. कायमचं. घर रिकामं करून. आईने "बरं बरं" केलं आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवशी ती जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली. आईचं पोट माझ्या आठवणीत कधी बिघडलेलं नाही.

मी म्हटलं, "आई, खुर्चीत बसवून चौघं मिळून नेतो तुला खाली."

"मला चौघं उचलून नेतील ते एकदाच," आई म्हणाली, "आणि तेव्हा मी काही बोलायला नसेन. तोवर माझी मी जाईन. धरायला काहीतरी करून दे."

म्हणून दांडी.

आता मी कोण, हे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं सगळं हरकाम्याच्या माथी मारून वाचक मोकळे होतील. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं आणि मधल्या काळात पत्र लिहायचं. पत्र लिहावं तर मी. माझ्या पत्राला स्पष्ट नकार आलेला मला आठवत नाही. होकारही फारसे आठवत नाहीत, पण तो प्रश्न वेगळा. माझं तत्त्व एकच होतं: ज्या टेबलाला जे पटेल, त्या टेबलाला ते लिहावं. आणि प्रत माहितीसाठी सर्व संबंधितांना द्यावी. आमच्या साहेबांनी माझ्या निरोपसमारंभात सांगितलं की, यांची प्रत मिळाली नाही असा एकही माणूस या इमारतीत सापडणार नाही. लोक हसले होते. मी तेव्हा ते कौतुक समजलो.

आमची लेक दुसऱ्या गावी संगणकाचं काम करते. तिने माझ्या फोनवर तो कृत्रिम मदतनीस घालून दिला. नाव इंग्रजीत काहीतरी होतं. मी त्याला हरकाम्या म्हणू लागलो.

"बाबा, हा नुसती उत्तरं देत नाही, कामं करतो," ती म्हणाली. "मोठं काम सांगितलं की त्याचे तुकडे पाडतो. त्या तुकड्यांचे आणखी तुकडे. मग एकेक तुकडा एकेका मदतनिसाला देतो. म्हणजे सगळे तोच, पण वेगवेगळे."

"म्हणजे कार्यालय," मी म्हणालो.

"तसंच समजा. फक्त त्याला काय हवंय ते नीट सांगा."

नीट सांगा! एकतीस वर्षं आवक-जावक केलेल्या माणसाला! मी चष्मा पुसला आणि लिहिलं: 'विषय: जिन्यात लोखंडी दांडी बसवण्याबाबत. सर्व परवानग्या मिळवून काम पूर्ण करावे. मुदत: तीस तारीख.' त्याने विचारलं, पत्रांची भाषा कशी ठेवू? मी त्याला माझी निवडक चाळीस पत्रं वाचायला दिली, वर माझं तत्त्व दिलं, प्रतींचा नियम दिला आणि माझ्या सहीचं चित्रही दिलं. त्याने फार आदराने आभार मानले. इतक्या आदराने माझ्याशी त्या कार्यालयात कुणी बोललं असतं तर मी निवृत्त झालोच नसतो.

पहिली दोन पत्रं मी बारकाईने वाचली. उत्तम होती. तिसरं वरवर वाचलं. चौथ्यापासून 'मंजूर' हे बटण नुसतं दाबत गेलो. खरं सांगतो, त्यात एक सुख होतं. आयुष्यभर मी लिहिलं आणि न वाचता साहेबांनी शिक्का दाबला. आता मी दाबत होतो. हिने दोनदा विचारलं, "अहो, वाचता तरी का?" मी म्हणालो, "वरच्या माणसाने सगळं वाचायचं नसतं."

पहिला अडथळा आमच्या इमारतीच्या अध्यक्षांचा. ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि गेली दोन वर्षं एक मोठं कपाट घ्यायचं म्हणतायत. दांडीने जिना अरुंद होईल आणि कपाट अडकेल, ही त्यांची चिंता. न घेतलेल्या कपाटाची इतकी काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हरकाम्याने त्यांना लिहिलं की, 'मातोश्री ठणठणीत असून जिना सहज चढउतार करतात. दांडी केवळ शोभेपुरती व अगदी बारीक असेल.' अध्यक्ष खूश. मग सभा झाली, तिच्यात दीड तास दांडीच्या रंगावर चर्चा झाली आणि रंग देऊ नये असं ठरलं.

दुसरा अडथळा बांधकाम परवाना खात्याचा. तो अडथळा खरं तर आमच्या शेजाऱ्यांनी आणला. आमच्या समोरच्या दारात राहतात ते तज्ज्ञ. कशाचे ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नुसतेच तज्ज्ञ. ते म्हणाले, "परवाना खात्याला विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका. आणि साधा अर्ज केलात तर पुढच्या वर्षी उत्तर येईल. लिहा की बाई जागच्या हलू शकत नाहीत. तसल्या अर्जांची खिडकी वेगळी असते, रांगच नाही."

हे मी हरकाम्याला सांगितलं. त्याच्या परवाना खात्याच्या मदतनिसाने लगेच लिहिलं, 'मातोश्री पूर्णतः अंथरुणाला खिळल्या असून एक पाऊलही टाकू शकत नाहीत.' मी मंजूर दाबलं. एका पत्रात आई उड्या मारत होती आणि दुसऱ्यात अंथरुणाला खिळली होती, आणि दोन्हींखाली माझी तीच वळणदार सही.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती रोज पाचला खिडकीत बसायची आणि संध्याकाळी विचारायची, "कुठवर आलं रे?" मी म्हणायचो, "प्रक्रिया चालू आहे." ती म्हणायची, "आज पंधरा तारीख." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज सोळा." एवढंच. मला वाटायचं, यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

अठरा तारखेला दुपारी दार वाजलं. दारात तळमजल्यावरचे शिंपी, गळ्यात टेप. मला वाटलं, हिचं काही शिवायला टाकलेलं असेल. ते सरळ आत आले आणि खिडकी मोजायला लागले.

"उजेड झकास आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "मशीन इथे बसेल. मला पसंत आहे."

"काय पसंत आहे?"

"अदलाबदल. तुमचं पत्र आलं ना, तुम्ही खाली यायचं, मी वर. फार बरं लिहिलंय हो. बायकोला वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. तेहतीस वर्षांच्या संसारात असं बघणं मी तीनदाच अनुभवलंय आणि तिन्ही वेळा चूक माझीच निघाली होती. मी शिंप्यांना पाणी दिलं, "विचाराधीन आहे" म्हणालो आणि आतल्या खोलीत जाऊन फोन उघडला.

झालं होतं ते असं. एका मदतनिसाला चिठ्ठी मिळाली की बाई एक पाऊलही टाकू शकत नाहीत. मग त्याने विचार केला की पाऊल न टाकणारी बाई चाकांच्या खुर्चीत असणार. चाकांची खुर्ची जिन्यावरून जात नाही. म्हणजे बाईंनी तळमजल्यावर राहायला हवं. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसाला विचारायला हवं. प्रत्येक पायरी बरोबर, आणि जिना भलतीकडेच जाणारा! त्याला बिचाऱ्याला दोष तरी काय द्यायचा? त्याच्यासमोर जेवढी चिठ्ठी होती तेवढ्यात त्याने जीव ओतला होता.

मी त्याला खडसावलं. त्याने माफी मागितली आणि अदलाबदलीचं पत्र मागे घेतलं. मला वाटलं मिटलं. पण चिंधी ओढावी आणि अख्खं बासन खाली यावं तसं झालं. वीस तारखेला अध्यक्ष आले. हातात दोन कागद. माझ्याच नियमाप्रमाणे हरकाम्याने प्रत्येक पत्राची प्रत माहितीसाठी सर्व संबंधितांना पाठवली होती. अध्यक्षांना परवाना खात्याच्या पत्राची आणि परवाना खात्याला अध्यक्षांच्या पत्राची.

"वाचा," अध्यक्ष म्हणाले. "'ठणठणीत असून.' आता हे वाचा. 'अंथरुणाला खिळल्या असून.' दोन्ही एकाच आठवड्यातली. मधल्या दिवसांत काय झालं?"

मी दोन्हींखालची माझी सही बघत होतो. आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय रे?" आणि काठी टेकत ती बाहेर आली. अध्यक्षांनी तिला आपादमस्तक बघितलं. ती ना ठणठणीत दिसत होती, ना खिळलेली. त्यांनी दोन्ही कागदांची घडी घातली आणि ते गेले. त्या घडी घालण्याने मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी परवाना खात्याचं पत्र. 'आपल्या दोन निवेदनांत तफावत आढळून आली असून, सदर महिला चालू शकतात किंवा कसे, याची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी निरीक्षक अठ्ठावीस तारखेस दुपारी चार वाजता येतील.' पत्र सुरेख होतं. मीही असंच लिहिलं असतं.

मी लेकीला फोन लावला. "तुझ्या यंत्राने माझं नाक कापलं! एका तोंडाने एक बोलतो, दुसऱ्याने दुसरं!"

"बाबा, तुम्ही त्याला काम काय दिलं होतं? पहिलं वाक्य वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. जिन्यात लोखंडी दांडी बसवण्याबाबत.

"यात आजी कुठाय?" ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. खरंच, आई कुठेच नव्हती. बाक नव्हता. मास्तरीणबाई नव्हत्या. मुदत होती, पण कशाची ते नव्हतं.

"आता त्याचं काम सहा थर खाली गेलंय," ती म्हणाली. "खालच्याला वरचं माहीत नसतं. प्रत्येक जण आपल्यापुरतं शहाणपणाने वागतो. आणि तुम्हीच सांगितलंत, ज्याला जे पटेल ते लिही. तो तुमच्याकडूनच शिकला, बाबा."

हे शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं, पण फोन स्पीकरवर होता आणि ही शेजारीच बसली होती. ही पदराने चष्मा पुसत राहिली, हसू लपवायला.

मग मला माझे पहिले हेडक्लार्क आठवले. कडक माणूस. त्यांचा एक नियम होता: फाईल कितीही जाड होऊ दे, मूळ अर्ज कायम सगळ्यात वर. शेरे, टिपणं, उत्तरं सगळी त्याच्याखाली. "ज्याला फाईल येईल," ते म्हणायचे, "त्याला आधी कळलं पाहिजे की या माणसाला हवं काय होतं. नाहीतर आपण एकमेकांच्या शेऱ्यांना उत्तरं देत बसू आणि तो माणूस बाहेर बाकड्यावर मरून जाईल." ते निवृत्त झाल्यावर आम्ही तो नियम सोडला, कारण मूळ अर्ज काढून पुन्हा वर लावायला वेळ जायचा.

मी फोन घेऊन आईच्या खोलीत गेलो. म्हटलं, "आई, तुला नक्की काय हवंय ते सांग. मी जसंच्या तसं लिहितो."

"इतक्या दिवसांनी विचारतोयस?"

"हो."

तिने खिडकीकडे बघितलं. "मला खाली बाकावर मास्तरणीशेजारी बसायचंय. माझ्या पायांनी. ती जायच्या आत. लिहिलंस?"

लिहिलं. आणि हरकाम्याला सांगितलं की हा मूळ अर्ज. प्रत्येक मदतनिसाने, तो कितव्याही थरावर असो, काम करण्याआधी आणि झाल्यावर हा वाचायचा. आपलं काम याच्याशी किंवा दुसऱ्या मदतनिसाच्या कामाशी जुळत नसेल तर हात थांबवायचा आणि मला विचारायचं.

त्याने आधी अर्ज वाचला. मग म्हणाला, की असं आधीच सांगितलं असतं तर त्याला आवडलं असतं, आणि तरीही त्याने स्वतःहून विचारायला हवं होतं, ती त्याची चूक. नंतर त्याने यादी दिली. न जुळणाऱ्या गोष्टी चौदा. त्यातल्या नऊ माझ्या, तीन तज्ज्ञांच्या, दोन त्याच्या. शेवटी एक प्रश्न होता: 'आई चालू शकतात का? याची घरात तीन उत्तरं आहेत.'

"त्याला सांग," आई म्हणाली, "सपाटीवर चालते. उतरताना भीती वाटते. यात अवघड काय आहे?"

खरंच, काय अवघड होतं? पण असल्या साध्या ओळीने कुठलंच टेबल हलत नाही, असं मला एकतीस वर्षं वाटत आलं होतं.

हरकाम्याने सर्वांना एक पत्र तयार केलं. सगळ्यांना तेच. 'माझी आधीची दोन्ही पत्रं चुकीची होती. खरी परिस्थिती अशी.' सही करायला मी अर्धा तास घेतला. दोनदा चहा मागितला. असलं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं. 'अनवधानाने' हा शब्द घालता येईल का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, घालता येईल, पण ते खरं आहे का? मी सही केली.

सगळं सरळ झालं. एकच चिठ्ठी निसटली होती. दांडी बसवणाऱ्या वेल्डरची. ती आधीच छापून त्याच्या हातात गेली होती, आणि हा वेल्डर फोन उचलत नाही, कारण त्याच्या कामात त्याला ऐकूच येत नाही.

सत्तावीस तारखेला मी ते नवं पत्र परवाना खात्याच्या खिडकीत स्वतः द्यायला गेलो. परत आलो तर जिन्यात लोखंडाचा वास आणि चकचकीत दांडी! मन भरून आलं. मी मोठ्या ऐटीत हात टाकला आणि हात हवेतच खाली गेला. दांडी माझ्या गुडघ्याशी होती. पहिल्या पायरीपासून अठ्ठेचाळिसावीपर्यंत, एका रेषेत, सुबक, गुडघ्याशी.

वेल्डर सामान आवरत होता. त्याने खिशातून कागद काढला. 'उंची अठरा इंच. वापरणारी व्यक्ती बसलेली.' चाकांच्या खुर्चीचा तर्क इथवर पोचला होता. खाली माझी सही.

"अहो, बसलेला माणूस जिना उतरतो का कधी?" मी ओरडलो.

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला. "पण कागदावर सही होती. म्हटलं असेल काहीतरी. आता काढून वर लावायची तर सगळी भोकं नव्याने पाडावी लागतील. मी मोकळा होईन तीन तारखेला."

तीन तारीख! मी तिथेच पायरीवर बसलो. तज्ज्ञ वरून उतरत होते, ते म्हणाले, "मी सांगणारच होतो." मला फक्त आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. रात्री तिने विचारलं, "बसवली?" मी म्हणालो, "बसवली, पण." ती म्हणाली, "पण काय?" मी म्हणालो, "उद्या बघू."

अठ्ठावीसला बरोबर चारला निरीक्षक आले. हडकुळे गृहस्थ, हातात फाईल. फाईलमध्ये सगळ्यात वर माझं शेवटचं पत्र.

"तर बाई चालतात की नाही?" त्यांनी मला विचारलं.

"मला विचारा ना," आई आतून आली. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी घेऊन चालून दाखवलं. "झालं? आता उतरताना धरायला हवं होतं, म्हणून हा सगळा उपद्व्याप."

निरीक्षक माझ्याकडे वळले. "मग आधीची पत्रं?"

"दोन्ही खोटी," मी म्हणालो. "मीच लिहून घेतली. यंत्राचा दोष नाही."

ते बराच वेळ फाईल चाळत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे चूक झाली असं लिहून देणारा माणूस मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय. आणि एक सांगू? इमारतीच्या आतल्या भिंतीला दांडी लावायला आमची परवानगी लागतच नाही."

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. ते जिना बघायला बाहेर गेले आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "ही दांडी कुणासाठी? मांजरासाठी?"

आई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आली. तिने दांडी पहिल्यांदाच बघितली. मी मान खाली घातली. भिंतीला काहीतरी टेकल्याचा आवाज आला, म्हणून वर बघितलं तर तिने काठी भिंतीला टेकवून ठेवलेली, एक हात चौकटीवर, आणि हळूहळू, फार हळूहळू, ती वरच्या पायरीवर बसत होती.

"आई, अगं काय करतेस!"

"थांब जरा." तिने हात लांब केला. दांडी नेमकी तिच्या हाताशी. तिने ती दोनदा हलवून बघितली. मग पाय खालच्या पायरीवर टेकले आणि बसल्या बसल्या एक पायरी खाली सरकली. "हे बघ. येतंय की!"

हिने धावत जाऊन आईला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उत्तम, घाई करू नका, खाली उशी घ्या.

"आई, लोक बघतील," मी हळूच म्हणालो.

"बघू देत," आई म्हणाली. "आठ महिने कुणी बघितलं नाही."

माझ्या खिशातला फोन वाजला. ही तिच्या फोनवरून सगळं हरकाम्याला कळवत होती, आणि त्याने मूळ अर्ज वाचून शंका काढली होती: 'अर्जात माझ्या पायांनी असं आहे. बसून उतरणं त्याच्याशी जुळतं का? आईंना विचारावं.' मी विचारलं.

आई दहाव्या पायरीवर धापा टाकत होती. "त्याला सांग," ती म्हणाली, "पाय माझेच आहेत."

मग तर अख्खा जिनाच जागा झाला. शिंपी खालून चिंध्या भरलेली एक जाड गादी घेऊन वर आले आणि आई एक पायरी उतरली की गादी एक पायरी खाली सरकवायला लागले. वरचं घर हुकल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण गादी त्यांनी मन लावून सरकवली. तज्ज्ञ मागून सूचना देत होते आणि त्या कुणी पाळत नव्हतं. पहिल्या मजल्यावर पोचलो तर हमाल उभे, खांद्यावर भलं मोठं कपाट! अध्यक्षांचं! दोन वर्षं न आलेलं कपाट आजच यायचं होतं. अध्यक्षांनी एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि हमालांना म्हणाले, "मागे घ्या. बाई उतरतायत."

निरीक्षक फाईल काखेत धरून सगळ्यात मागे होते. पायऱ्या मोजत होते. अठ्ठेचाळीस म्हणाले तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

तिथून बाकापर्यंत आई काठी घेऊन चालत गेली. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकीत कुणी नव्हतं. त्यांनी कपाळावर आडवा हात धरून पुन्हा बघितलं. आई शेजारी जाऊन बसली तरी त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

मग त्या म्हणाल्या, "उशीर केलास."

"काय करू," आई म्हणाली, "याची पत्रं चालली होती."

त्यानंतर दोघी काहीच बोलल्या नाहीत. बावीस वर्षं बोललेल्या होत्या. मास्तरीणबाईंनी आईच्या पदरावरची जिन्याची धूळ झटकली आणि हात तिथेच ठेवला. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी जरा लांब जाऊन फोन काढला. हरकाम्याचा निरोप आला होता: 'मूळ अर्ज पूर्ण झाला का? झाला असल्यास हे काम बंद करू का?'

मी बाकाशी जाऊन आईला वाचून दाखवलं.

"बंद नको करू म्हणावं," आई म्हणाली. "परवा हिला गाडीत बसवायला यायचंय. आणि ही गेली तरी बाक इथेच आहे."

मी तेवढंच, तिच्या शब्दांत, लिहिलं. प्रत कुणालाही पाठवली नाही.